बारा वाजता बसणारं मशीन

१

चेतन ओव्हाळने कीबोर्डला बोटसुद्धा लावलं नव्हतं. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. ही गोष्ट तो पुढच्या काही तासांत दहा वेळा सांगणार होता आणि एकदाही ती कुणाला पटणार नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून सात मिनिटं झाली होती. समोरचा पडदा बारापासून ढिम्म होता. अचानक मशीनच्या पंख्याची घरघर उतरली आणि पडदा एकदा लकाकला. पानजुळणीची खिडकी आपोआप मिटली, तिच्यामागचं फोल्डर पुढे आलं, एक चौकट उघडली आणि वाचायच्या आत नाहीशी झाली. ‘वनस्पतिकोश अंतिम’ ही फाईल जिथे होती तिथे आता काहीच नव्हतं.

अकराशे चाळीस पानं. प्राध्यापक बाळ पटवर्धनांचं सहा वर्षांचं काम. उद्या सकाळी ते छापखान्यात जायचं होतं.

"हेमाताई!" चेतनचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

आतल्या केबिनमधून हेमाताई आल्या, त्यांच्यामागे श्यामसुंदर लिमये. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांवरच्या दुसऱ्या मजल्यावर लिमयांचं अक्षरजुळणीचं ऑफिस होतं आणि हेमाताई तिथे सत्तावीस वर्षं काम करत होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पानात चूक सापडत नाही, असं प्रकाशक लोक चारचौघांत सांगत.

हेमाताईंनी कचऱ्याची पेटी उघडून पाहिली. तीही रिकामी, बॅकअपच्या डिस्कवरही फाईल नाही. फाईल कायमची पुसली गेली होती.

"चेतन," त्या हळूच म्हणाल्या, "काय केलंस हे?"

"मी काही नाही केलं, ताई. आपोआप झालं."

"आपोआप!" लिमयांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "सत्तावीस वर्षांत आमच्याकडे आपोआप काहीही झालेलं नाही. पगारवाढसुद्धा नाही. आणि आज आपोआप फाईल उडाली?"

२

पुरावा म्हणावा तर सगळा चेतनच्या विरुद्ध होता. मशीनच्या नोंदीत फाईल पुसल्याची वेळ होती बारा वाजून सात मिनिटं तेहतीस सेकंद. दारावरचा कॅमेरा सांगत होता की त्या वेळी खुर्चीत चेतन होता. आणि हेमाताई? त्या बारा-तीनपासून केबिनमध्ये बसून लिमयांना दुसऱ्या पुस्तकाची मुद्रितं वाचून दाखवत होत्या. खुद्द मालकच त्यांचा साक्षीदार.

कारणही लिमयांनी शोधून ठेवलं होतं. चेतनची सरकारी मुद्रणालयात निवड झाली होती. अनुभवाचा दाखला द्यायला लिमयांनी महिनाभर टाळाटाळ केली होती आणि त्यावरून गेल्याच आठवड्यात दोघांची चांगलीच जुंपली होती.

"जाता जाता सूड उगवलास," लिमये म्हणाले. त्यांनी टेबलावर एक कागद आपटला. पोलिसांत द्यायची तक्रार. अर्ध्या तासात लिहून तयार होती. "पाच वाजेपर्यंत वेळ देतो. फाईलची प्रत काढून ठेवली असशील तर आण. नाहीतर मी चौकीवर चाललो."

त्याची चारित्र्य पडताळणी अजून व्हायची होती. तक्रार नोंदली गेली, नाव एकदा त्या रजिस्टरमध्ये चढलं, की खरंखोटं ठरेपर्यंत वर्षं जाणार. तोवर ती जागा कुणी त्याच्यासाठी धरून ठेवणार नव्हतं. चार वर्षं पहाटे उठून केलेला अभ्यास, वय उलटायच्या आत मिळालेली ही शेवटची संधी. घरी बायकोने, मैत्रीने, नेमणुकीच्या पत्रासाठी प्लास्टिकचं फोल्डरसुद्धा आणून ठेवलं होतं.

त्याने मैत्रीला फोन लावला नाही. काय सांगणार होता?

दोन वाजता जिन्यात काठीचा आवाज झाला. चौऱ्याऐंशी वर्षांचे पटवर्धन सर आले होते. त्यांची नजर जवळजवळ गेली होती. म्हणून मुद्रितं तपासण्याची त्यांची पद्धतच वेगळी होती: ते हेमाताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसत, हेमाताई वाचत, सर तोंडी दुरुस्त्या सांगत आणि त्या थेट मशीनवर घालत. सहा महिने हे चाललं होतं. कागदावर एका दुरुस्तीचाही मागमूस नव्हता.

सरांचा हात धरून त्यांच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या दुर्गाबाई सोमण आल्या. सत्तरी ओलांडलेली ठेंगणी बाई, पायात स्पोर्ट्स शूज, खांद्याला कापडी पिशवी. सरकारच्या सांख्यिकी खात्यात संगणक विभागात हयात गेलेली. सरांना रिक्षाने आणायचं आणि न्यायचं हे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

लिमयांनी झाला प्रकार सांगितला. सर मटकन खुर्चीत बसले. दुर्गाबाईंनी तक्रारीचा कागद उचलून वाचला आणि जागच्या जागी ठेवला.

"अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मशीनला कुणी हात लावला?"

"कचऱ्याची पेटी आणि नोंद पाहिली, तेवढंच," लिमये म्हणाले.

"मग आता मी लावते. लिमये, तुमच्याकडे पाच वाजेपर्यंत वेळ आहे ना? माझ्याकडेही आहे."

३

दुर्गाबाईंनी खालच्या ओळखीच्या दुकानातून पुसलेल्या फाईली शोधणारा प्रोग्रॅम एका पेन ड्राइव्हवर मागवून घेतला. तो मशीनवर सुरू करून दिला आणि त्याचं काम होईपर्यंत एकेकाला समोर बसवलं.

पहिला चेतन.

"तू त्या खुर्चीत का बसलास?"

"हेमाताई म्हणाल्या. त्यांना साहेबांनी बोलावलं होतं. म्हणाल्या, मशीन बसलंय, जागं होईपर्यंत इथे बस, कशाला हात लावू नकोस."

"मशीन रोज बसतं?"

"रोज बाराला. आमोदचं काम सुरू होतं ना. पाच-सात मिनिटं काही चालत नाही. आम्ही सगळे तेवढ्यात चहा घेतो."

"बसलेलं असताना काय दिसतं?"

चेतनने आठवून पाहिलं. "माऊसचा बाण हलतो. बाकी काही नाही. पडद्यावरचं घड्याळसुद्धा बारावर अडकतं."

आमोद म्हणजे लिमयांचा पुतण्या, हिंजवडीत नोकरीला. तो स्पीकरवर आला.

"हां काकू, ते माझंच स्क्रिप्ट आहे. काकांची जुनी पुस्तकं स्कॅन केलीत, त्यांचं टेक्स्ट काढायचं काम. खूप स्लो चालत होतं, म्हणून मी प्रायॉरिटी एकदम हाय केली. जुनं मशीन आहे, पूर्ण प्रोसेसर खातं ते. पण फाईल वगैरे डिलीट नाही करत हां! आय स्वेअर."

"शपथ नको. उद्या प्रायॉरिटी खाली आण. आज आणू नकोस," दुर्गाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग हेमाताई. त्यांनी पदर सारखा केला. चेतनला त्यांच्याकडे बघवेना. या बाईंनीच त्याला जुळणीचं काम शिकवलं होतं, त्याच्या मुलीच्या बारशाला त्या विणलेलं टोपडं घेऊन आल्या होत्या. आता त्याच्यामुळे त्यांचं एवढं मोठं काम पाण्यात गेलं, असंच त्यांना वाटत असणार.

"मशीन बाराला बसलं, तुम्ही उठलात बारा-तीनला. मधली तीन मिनिटं काय केलंत?"

"टाइप करत होते. माझी नजर कागदावर असते हो, पडद्याकडे मी बघतच नाही. मशीन बसलंय हे जरा वेळाने लक्षात आलं."

"काय टाइप करत होतात?"

"प्रस्तावना. तिच्यात एक परिच्छेद वाढवायचा होता."

"बरं," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक छोटी वही काढून दोन शब्द लिहिले. चेतनला वाटलं, झालं, यांनीही आपल्या नावावर फुली मारली.

घड्याळात साडेतीन झाले होते.

४

पावणेचारला मशीनने टुणकन आवाज केला. पडद्यावर एक नाव उमटलं: वनस्पतिकोश अंतिम.

"सापडली!" चेतन ओरडलाच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लिमये पुढे झेपावले, सरांनी काठी आपटली. "काय? आली परत?"

फक्त हेमाताई जागच्या हलल्या नाहीत. "पुसलेली फाईल परत येते?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक वेळा येते. मशीन पुसतं म्हणजे फक्त यादीतून नाव खोडतं. मजकूर तिथेच असतो, वर दुसरं काही लिहीपर्यंत." दुर्गाबाईंनी फाईल वेगळ्या डिस्कवर उतरवली आणि उघडली. पानं शाबूत होती.

"चला, देव पावला," लिमये म्हणाले. "चेतन, आता कबूल करून टाक, मी प्रकरण मिटवतो."

म्हणजे फाईल आली तरी चोर चेतनच. त्याच्या आनंदावर विरजण पडलं.

"थांबा हो," पटवर्धन सर म्हणाले. "मला ‘भारंगी’ वाचून दाखवा. शेवटचं वाक्य."

चेतनने नोंद काढली आणि वाचली. "कोवळ्या पानांची व फुलांची भाजी करतात."

"पुढे?"

"पुढे काही नाही, सर. नोंद संपली."

"असं कसं? पानं उकडून पाणी टाकून द्यावं, हे वाक्य मी फेब्रुवारीत घातलं होतं. हेमा, तुला आठवतंय ना? ‘कळलावी’ काढ. त्यात कंद विषारी असल्याची सूचना मी वर आणायला लावली होती."

सूचना होती तिथेच होती, तळाशी. सरांनी एकापाठोपाठ नऊ नोंदी काढायला लावल्या. नऊपैकी एकीतही दुरुस्ती नव्हती. फाईल परत आली होती, पण सहा महिन्यांपूर्वीची.

खालच्या रस्त्यावरून हॉर्नचा गोंधळ वर येत होता.

"ही जुनी प्रत असेल," लिमये घाईघाईने म्हणाले. "चेतनने खरी फाईल पळवली आणि इथे जुनी ठेवली!"

दुर्गाबाईंनी फाईलवरची तारीख-वेळ मोठी करून दाखवली. शेवटचं जतन: आज, बारा वाजून सात मिनिटं एकतीस सेकंद.

"पुसायच्या दोन सेकंद आधी ही फाईल कुणीतरी सेव्ह केली," त्या म्हणाल्या. "पुसायची वस्तू आधी नीट जपून ठेवणारा चोर मी पहिल्यांदाच बघते आहे."

५

चार वाजून वीस मिनिटं. दुर्गाबाईंनी आमोदचं काम हाताने सुरू केलं. पंखा घरघरू लागला. पडदा थिजला.

त्या मशीनसमोर बसल्या आणि थिजलेल्या पडद्याकडे न बघता भराभर काहीतरी टाइप केलं. पडद्यावर एक अक्षरही उमटलं नाही. मग त्या उठल्या.

"लिमये, बसा इथे. हात मांडीवर. कशालाही लावायचे नाहीत."

"मी? कशासाठी?"

"बसा तर खरं."

लिमये बसले. एक मिनिट, दोन, चार. चेतन श्वास रोखून उभा होता. काय होणार होतं हे त्याला कळत नव्हतं, पण ही बाई उगाच काही करत नाही, एवढा भरवसा त्याला या दोन तासांत आला होता. पाच मिनिटं झाली. लिमयांच्या कानशिलावरून घाम ओघळला. सहा.

पंखा उतरला. लिमयांच्या डोळ्यांदेखत, कुणाचाही हात लागलेला नसताना, पडद्यावर अक्षरं सरसर उमटली: ‘मीच फाईल पुसली. श्यामसुंदर लिमये.’

लिमये विंचू चावल्यासारखे उठले. "हे मी नाही लिहिलं!"

"नाही ना? पण नोंदीतली वेळ आत्ताची आहे, खुर्चीत तुम्ही आहात आणि कॅमेऱ्यात मी चार हात लांब दिसते आहे. लिहा आता तक्रार. अक्षर छान येऊ द्या."

६

दुर्गाबाई स्टुलावर बसल्या आणि सरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागल्या.

"प्रोसेसर म्हणजे या मशीनमधला एकुलता एक कारकून समजा. कळ दाबली की अक्षर उमटवायचं, घड्याळ पुढे सरकवायचं, खिडकी मिटायची, सगळं त्यानेच करायचं. आमोदने आपल्या कामावर शेरा मारला, आधी हे, मग बाकीचं. कारकून त्यात बुडाला. आपल्याला वाटतं मशीन मेलं. ते मेलेलं नसतं. आपण दाबलेली प्रत्येक कळ कोपऱ्यात ओळीने नोंदून ठेवलेली असते. कारकून मोकळा झाला की तो ती ओळ पहिल्यापासून उरकतो. एका दमात. ज्याने कळ दाबली तो समोर आहे की घरी गेला, त्याला काय त्याचं?"

"म्हणजे बारा-सातला जे झालं..." चेतन पुटपुटला.

"ते बारा-सातच्या आधी कुणीतरी दाबून ठेवलं होतं. सेव्ह, प्रोग्रॅम बंद, मागच्या फोल्डरमधली निवडलेली फाईल कायमची पुस, हो. एवढं सगळं दोन सेकंदांत झालं. मशीनसमोर बसलेला माणूस चौकट उघडायची वाट बघतो, मग हो म्हणतो. दोन सेकंदांत हे कुणाच्याही हाताला जमणार नाही. चेतनने ते केलं नाही, याला हीच साक्ष पुरे आहे."



"मग कुणी?" सरांनी विचारलं. त्यांना उत्तर कळलेलं असावं, कारण त्यांनी मान हेमाताईंच्या दिशेला वळवली होती.

"बारा ते बारा-तीन खुर्चीत कोण होतं, ते कॅमेऱ्यात आहे. हेमाताई म्हणतात, त्या प्रस्तावनेचा परिच्छेद टाइप करत होत्या. तसं असतं तर कारकून मोकळा झाल्यावर तो परिच्छेद फाईलमध्ये आला असता. मी प्रस्तावना पाहिली. एक काना वाढलेला नाही. आणि पडदा थिजलेला असताना, न बघता, नुसत्या कळांवर एवढं काम बिनचूक करणारे हात या ऑफिसात एकाच व्यक्तीचे आहेत."

"आणि सेव्ह?" लिमयांनी विचारलं. त्यांचा आवाज पार खाली गेला होता.

"चेतन, तू फाईल सेव्ह कधी करतोस?"

"मी... करतच नाही मुद्दाम. आता सगळं आपोआप होतं."

"यांचं शिक्षण वीज जायच्या दिवसांतलं. दिवसातून चार वेळा दिवे जायचे आणि सेव्ह न केलेली पानं गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्या पिढीतले ऑपरेटर काहीही करण्याआधी बोट तिकडे नेतात. माझंही जातं. विचार करून जात नाही हो ते."

हेमाताईंनी तोंडावर हात धरला होता. त्या रडत नव्हत्या.

"तीन आठवड्यांपूर्वी," त्या म्हणाल्या, "नव्या फाँटसाठी फाईल बदलताना मी उलट प्रत टाकली. जुनी फाईल नवीवर. संध्याकाळी रोजच्यासारखा बॅकअप घेतला, त्यातही जुनीच गेली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. बॅकअपमधली ती प्रत मी कालच पुसली. सर, तुम्ही सहा महिने येत होतात, डोळे नसताना. मला तोंड उघडता येईना. उद्या छापायला गेली असती, कुणी पहिलं पान वाचून दाखवताच तुम्हाला कळलं असतं की हेमाने सगळं घालवलं. फाईलच नसेल, तर काय नव्हतं हे कुणाला कळणार नाही, असं वाटलं."

"आणि मी?" चेतनने विचारलं. "मला का बसवलंत तिथे?"

त्यांनी मान वर केली नाही. "तू तसाही जाणारच होतास, चेतन. मला वाटलं, साहेब चार शब्द बोलतील आणि सोडून देतील. तक्रारीचं माझ्या डोक्यात नव्हतं."

"कागद लिहिला तेव्हा तुम्ही इथेच होतात."

चेतनला राग आला, इतका की कानशिलं तापली. बारशाचं टोपडं आणलेल्या हातांनी हे केलं, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

लिमयांनी घसा खाकरला. तक्रारीच्या कागदाचे त्यांनी चार तुकडे केले. "झालं ते झालं. हार्ड डिस्क बिघडली म्हणू. सत्तावीस वर्षांची बाई आहे, समजून घ्यायला हवं. सर पुन्हा दुरुस्त्या सांगतील. काय चेतन? घरातली गोष्ट घरात."

"मला समजून घ्यायला तुम्हाला अर्धा तास लागला नाही, साहेब," चेतन म्हणाला. "मला नव्हतं ना घर इथे?"

लिमये खिडकीबाहेर बघू लागले.

"बाजारात बातमी पोचली असेल," चेतन पुढे म्हणाला. "उद्या पडताळणीला कुणी इथे चौकशी करायला आला आणि खालच्या मजल्यावरचा एक माणूस जरी म्हणाला, त्या ओव्हाळने फाईल उडवली होती, तर? मला लेखी पाहिजे. नावासकट."

"अरे, नाव कशाला? चेतनचा दोष नाही, एवढं मी लिहून देतो."

"साहेब, थांबा," हेमाताई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचं पेन घेतलं, एक कोरा कागद ओढला आणि हाताने लिहायला बसल्या. सत्तावीस वर्षांत त्यांचं हस्ताक्षर फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. ते शाळकरी मुलीसारखं मोठं आणि वेडंवाकडं होतं. बारा वाजून दोन मिनिटांनी मी, हेमा विनायक दांडेकर, इथपासून त्यांनी सगळं लिहिलं. काहीही वगळलं नाही.

"निदान नाव तरी..." लिमये कळवळून म्हणाले.

"माझं नाव वगळलं तर ते पुन्हा त्याच्याच नावावर जाईल," त्या म्हणाल्या आणि सही केली.

चेतनने कागद घेतला. दोनदा वाचला. त्याने त्यांना क्षमा केली नाही, आणि त्यांनी ती मागितलीही नाही. पटवर्धन सर चाचपडत मशीनशेजारच्या आपल्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "अडुळशापासून सुरू करू. कुणीतरी बसा रे."

पाच वाजायला तीन मिनिटं होती. चेतनने कागदाची घडी खिशात घातली, जिना उतरून रस्त्यावर आला आणि मैत्रीला फोन लावला. तिने "हॅलो" म्हटलं, पुन्हा "हॅलो" म्हटलं, आणि त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. मग ती म्हणाली, "अहो, रडताय का? काय झालं?" आणि तो म्हणाला, "काही नाही. उशीर होईल आज. सर थांबलेत वर, त्यांचं काम बाकी आहे."